बांधामागची बाग

राहनाळला बाग नाही. माझ्या लहानपणीही नव्हती, पण तेव्हा ती कुणाला हवीशी वाटत नव्हती. अंजूरफाट्यावरून ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागे खाजणं होती, खाजणांना बांध होते आणि बांधांना उघाड्या होत्या. उघाडी म्हणजे बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीचं खारं पाणी तिनं अडवायचं आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीबरोबर खाडीकडे सोडायचं. संध्याकाळी ‘फिरायला’ कुणी जात नसे. बांधावर माणसं जात ती बांध बघायला. खेकड्यानं कुठे भोक पाडलंय का, दाराची फळी कुजली का, एवढंच.

१९९३ साली शिकायला पुण्याला गेलो आणि पहिल्यांदा बाग लागली. खोलीत तिघं राहायचो. घरमालकांना संध्याकाळी सातच्या आत दिवा लावलेला खपायचा नाही. फुकट बसता येईल अशी जागा म्हणजे संभाजी उद्यान. जंगली महाराज रस्त्यानं आत शिरायचं, बाक पकडायचा, अभ्यासाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवायचं. त्या बागेच्या मागे मुठा वाहते, हे कळायला मला दोन महिने लागले. वास यायचा, पण तो नदीचा असेल असं डोक्यात आलं नव्हतं. शेजारचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून तिथंच, नदीकडे पाठ करून उभं आहे. प्रयोग संपला की लोक रस्त्याच्या बाजूनं बाहेर पडतात. तीस वर्षांत नदीच्या बाजूनं कुणी बाहेर पडलेलं मी पाहिलं नाही.

पुण्याच्या बागांकडे बघायची माझी नजर बदलली ती बाबांमुळे. १९९५ च्या दिवाळीनंतर ते एकदाच पुण्याला आले. शनिवारवाडा त्यांनी दहा मिनिटांत उरकला. बंडगार्डनला मात्र तासभर थांबले. तिथं मुळा-मुठेवर आडवा बंधारा आहे, पाणी त्याच्या माथ्यावरून सांडतं, आणि जवळच फिट्झगेराल्ड पूल, दोन्ही टोकांना दगडी सिंह. मी सिंह दाखवत होतो, ते बंधारा बघत होते. म्हणाले, “यो बांद झाला. याची उघारी दाखव.” म्हटलं, उघाडी नसावी, पाणी वरूनच जातं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पानी जाल वरशी. गाळ कसा जाल?”

मी हसलो होतो, हे कबूल करतो. तेव्हा मला वाटायचं, ‘बंडगार्डन’ हे इंग्रजांनी हौसेनं केलेल्या बागेचं नाव. वास्तविक नावातच सगळं आहे. बंड म्हणजे बांध. आधी बांध झाला, मग बाग. १८५० च्या सुमारास मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या पैशातून नदी अडवली गेली, आणि तिचं पाणी लष्कराला, म्हणजे आजच्या कॅम्पाला, मिळू लागलं. अडवलेलं पाणी मागे पसरलं, सपाट झालं, त्यावर नावा चालल्या. काठावर झाडं लावली, लष्कराचा बँड वाजू लागला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टन सेलननं पूल बांधला आणि त्याला तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नरचं नाव दिलं. पुढे १८७० च्या दशकात कर्नल फाईफच्या देखरेखीखाली खडकवासल्याचं धरण उभं राहिलं, कालव्यानं शहराला पाणी येऊ लागलं, आणि बंधाऱ्याचं मूळ काम गेलं. बाग राहिली. स्वातंत्र्यानंतर तिचं ‘महात्मा गांधी उद्यान’ झालं, पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघा.

सारसबागेची गोष्ट निराळी नाही, फक्त शंभर वर्षं आधीची. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवला, कात्रजला तलाव बांधून नळातून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. तळ्यात बेट, बेटावर पुढे गणपती आला. विसाव्या शतकात तळं आटवून तिथं हिरवळ केली. आज भेळ खात त्या हिरवळीवर बसलेली मंडळी ‘तळ्यातल्या गणपतीला’ आलो म्हणतात आणि एकालाही त्यात विचित्र काही वाटत नाही. पुण्यात हे चालतंच. तुळशीबागेत तुळस शोधायला कोण जातं? बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, सगळी नावं झाडांवाचून सुखानं नांदतात.

एकदा हे सूत्र हाती लागल्यावर मी बागेत गेलो की आधी पाणी शोधू लागलो. एम्प्रेस गार्डन थोरच आहे, तिथल्या जुन्या झाडांवर आणि जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी ते त्यांच्यावर सोडतो. पण २००६ साली सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उघडलं तेव्हा मी मुद्दाम राहनाळहून गेलो. ती जपानी धर्तीची बाग, ओकायामा शहराच्या मैत्रीखातर केलेली. मूळ नमुना तिथलं कोराकुएन. १७०० साली पूर्ण झालेलं, आसाही नदीच्या बेटावरचं, जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. पुलंनी ‘पूर्वरंग’मध्ये जपान रंगवलेला, म्हणून नाव योग्यच. आपल्या बागेत शिरलो, पाण्याचा झुळझुळ ओहोळ दिसला, आणि चौकशी केली. पाणी शेजारच्या कालव्याचं. म्हणजे फाईफसाहेबांच्या खटपटीतून जपान हिरवं राहिलं होतं. बाबांना घरी येऊन सांगितलं, त्यांना ओकायामाचं काही नव्हतं, कालवा अजून चालतोय हे ऐकून बरं वाटलं.

तोच कालवा २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ फुटला आणि आंबिल ओढ्याकाठच्या वस्त्यांतली घरं धुऊन गेली. जुन्या पुणेकरांना त्या दिवशी १२ जुलै १९६१ आठवला. पानशेत फुटलं, खडकवासला गेलं आणि नदी पेठांत शिरली तो दिवस. एकसष्टच्या पुराच्या खुणा काही वाड्यांच्या भिंतींवर अजून दाखवतात. आमच्या घरमालकांच्या भिंतीवर ती माझ्या डोक्याच्या वर होती. सातच्या आत दिवा लावू न देणारा माणूस त्या रेघेला मात्र दर दिवाळीत नव्यानं रंग द्यायचा.

संभाजी उद्यानामागे नदी आहे, हे साऱ्या महाराष्ट्राला कळलं ते ३ जानेवारी २०१७ ला. राम गणेश गडकऱ्यांचा तिथला पुतळा रात्री उखडून मुठेत टाकण्यात आला. त्यावर बोलायचं ते सगळं बोलून झालं आहे. माझ्या मनात राहिलं ते एवढंच, की कॅमेरे बागेच्या मागच्या कडेला गेले आणि कित्येक वर्षांत प्रथमच तो काठ घरोघरी टीव्हीवर दिसला. प्लास्टिक, गाळ, आणि मधे पाण्याची बारीक धार.

त्यानंतरची वर्षं नदीकाठाचीच. महापालिकेनं मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा काठ सुधारायचा प्रकल्प काढला. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. अहमदाबादला साबरमतीचा काठ ज्या बिमल पटेलांच्या कचेरीनं आखला, त्यांचाच हा आराखडा. सुरुवातीची कामं संगमवाडी ते बंडगार्डन याच पट्ट्यात झाली. झाडं तोडली जाणार म्हणताच लोक रस्त्यावर आले, २९ एप्रिल २०२३ ला ‘चिपको’ म्हणत मोर्चा निघाला. मी दोन्ही बाजूंचं ऐकलं आहे. बसायला जागा हवी, चालायला वाट हवी, हे मला संभाजी उद्यानातल्या बाकानंच शिकवलंय, त्यामुळे काठाला मी नावं ठेवत नाही. पण जुन्या क्रमात आधी पाण्याचं काम होई, मग त्याच्या आश्रयानं बाग. या वेळी काठ आधी दिसतोय. मैलापाणी शुद्ध करण्याची कामं मागून येत आहेत. २५ जुलै २०२४ ला धरणातून विसर्ग वाढवला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा भिडे पूल नेहमीप्रमाणे बुडाला होता. तो दर पावसाळ्यात बुडतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. नदीपात्रात बांधलेली ती बहुधा एकच प्रामाणिक वस्तू.

मागच्या थंडीत पुन्हा बंडगार्डनला उभा राहिलो. सिंह जागेवर. खाली बांधून काढलेला काठ, स्वच्छ, सरळ. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जलपर्णीचा गालिचा, इतका घट्ट की त्यावरून एक बगळा चालत गेला. पलीकडे येरवड्याच्या बाजूला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याची झाडी, तिथं दोन माणसं दुर्बिणी लावून बसलेली. एकानं मला पाणकावळा दाखवला. मी त्यांना विचारलं, इथं गाळ किती साचला असेल हो? त्यांनी दुर्बीण खाली घेतली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर लावली.

राहनाळला आता खाजण नाही. भराव टाकून गोदामं झाली, ती अंजूरफाट्यापासून थेट कशेळीपर्यंत रस्त्याला लागून आहेत. गावातल्या कित्येकांची घरं त्यांच्या भाड्यावर चालतात, आमचंही काही प्रमाणात. रात्री जेवणानंतर माणसं नाल्याच्या मोरीवरच्या कठड्यावर बसतात. तीच बाग. खालून जाणारं पाणी कधी निळं असतं, कधी जांभळं. परवा पावसात गोदामासमोर गुडघाभर पाणी साचलं, हमाल माल वर उचलत होते, आणि गोदामाचा माणूस फोनवर ओरडत होता की पाणी जात का नाही. बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत. कठड्यावरून उठले, काठी टेकत गेले आणि तिसऱ्या गोदामाचा तो ओटा, जिथं ट्रक मागे घेऊन लावतात, त्याच्यावर काठीनं दोनदा ठोकलं. “उघारी हिच्या खाली हाय,” म्हणाले, आणि परत येऊन बसले.