साडेचारशे ग्रॅमची कॉइल आणि भरून आलेला खांदा

ऑगस्ट संपता संपता इंग्लंडमध्ये गव्हा-जवाची कापणी उरकते, शेतं मोकळी होतात आणि नॉरफोक, सफोक, लिंकनशायरच्या धसकटांतून मेटल डिटेक्टर घेतलेली माणसं हिंडताना दिसू लागतात. पुढची पेरणी होईपर्यंतचे थोडेच आठवडे हाताशी असतात. म्हणून शेतकऱ्याची परवानगी मिळाली, की सकाळी शेतात उतरलेला माणूस अंधार पडेपर्यंत बाहेर येत नाही. यांत निवृत्त झालेले पुष्कळ. दुसऱ्या दिवशी कोपर ठणकतं, हात खांद्याच्या वर जात नाही, कंबरेत उसण भरलेली असते. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून ते दुखणं सोसलं जातं. मला हे सोसणं पटत नाही. यातली बरीचशी दुखणी वयामुळे येत नाहीत. वजन कुठे लटकतंय आणि आपण किती तास न थांबता राबतोय, यावर ती ठरतात, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्याने बनवलेलं सुरुंगशोधक यंत्र 14 किलोंच्या आसपास होतं. 1942 मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात सैनिकांनी ते हातात धरून सुरुंगांतून वाट काढली. आज छंदासाठी मिळणारी बहुतेक यंत्रं एक ते अडीच किलोंत बसतात. मग एवढंसं वजन खांदा कसा धरायला लावतं?

उत्तर दांडीच्या रचनेत आहे. पुढच्या टोकाला कॉइल, मध्ये मूठ आणि मागे कोपराखालचा हात बसवायची खोबण. समजा, कॉइल 450 ग्रॅमची आहे, मुठीपासून 75 सेंटिमीटर पुढे आहे आणि खोबण मुठीच्या 30 सेंटिमीटर मागे आहे. आता पुढचं टोक खाली झुकू नये म्हणून खोबण सुमारे 1.1 किलो भाराएवढ्या जोराने खाली दाबून धरावी लागते आणि मुठीतल्या पंजाला जवळपास 1.6 किलोंचा भार पेलावा लागतो. म्हणजे साडेचारशे ग्रॅमचे दीड किलोंहून जास्त झाले, आणि यात दांडी, बॅटरी धरलेलीच नाही. पाण्याची बादली अंगालगत धरली तर सहज नेता येते, हात लांब करून धरली तर मिनिटभरात हात थरथरतो, तसंच हे.

त्यात हात सारखा हलता. एका बाजूकडून दुसरीकडे जायला दोन-तीन सेकंद धरले, तर तासाला बाराशे ते अठराशे वेळा कॉइल फिरते. प्रत्येक टोकाला तिला थोपवून उलट वळवायचं असतं. हे थोपवण्याचं काम खांद्याच्या सांध्याभोवतीच्या चार स्नायूंवर, म्हणजे रोटेटर कफवर येतं. मनगट सरळ ठेवण्याचं काम हाताच्या वरच्या बाजूने जाणाऱ्या स्नायूंचं. ते कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथेच टेनिस एल्बोची कळ उठते. जन्मात रॅकेट न धरलेल्या माणसालाही चहाचा कप उचलताना किंवा दाराची मूठ फिरवताना ती जाणवते.

कमी वेळात जास्त रान पालथं घालायचं म्हणून माणसं कॉइल लांबवर फेकल्यासारखी फिरवतात. तोटा दुहेरी होतो. खांद्यावरचा ताण वाढतो आणि दोन्ही टोकांना कॉइल जमिनीपासून वर उचलली जाऊन खोलवरचं नाणं हुकतं. अंगाला सोसवणारी आणि यंत्राला मानवणारी रीत एकच आहे: ताठ उभं राहायचं, दांडी अशी बेतायची की कॉइल बुटांच्या थोडीच पुढे राहील, ती आखूड आणि जमिनीला समांतर फिरवायची, आणि नुसता हात न हलवता खांदे-कंबर बरोबर वळू द्यायची.

वजनावरही इलाज आहे. कोपरामागे दांडीला वजन बांधलं, तर एकूण भार वाढतो, पण मुठीवरचा घटतो. मनगट-कोपर दुखणाऱ्याला याने बरं वाटतं. खांदा दुखत असेल तर मात्र हा उपाय पुरेसा नाही. त्याने हार्नेस घ्यावा. त्याचा पट्टा पाठ आणि कंबरेला बसतो आणि यंत्र लवचीक दोरीने त्याला टांगलेलं असतं. लहान कॉइल लावली तर रान कमी व्यापतं, हात जास्त टिकतो. आणि डाव्या हाताची सवय पहिल्या दिवसापासून करावी. दुखल्यावर ती लावून घेणं जड जातं.

कोपर आणि खांदा महिनोन्महिने कुरकुरत राहतात. कंबर मात्र एका क्षणात जाते. हेडफोनमध्ये स्वच्छ सूर वाजला, की माणूस पाय ताठ ठेवून तसाच वाकतो आणि वाकलेल्या स्थितीतच अंग पिळून माती ओढतो. वाकणं आणि पिळणं एकत्र आलं, की मणक्यांमधल्या गादीला ते सर्वांत जाचक. एकदा केलं तर निभावतं, पण दिवसभरात असे पन्नास खड्डे होतात, आणि त्यांतले बरेच डब्यांच्या झाकणांसाठी, काडतुसांच्या टोप्यांसाठी. म्हणून लांब दांड्याचं फावडं घ्यावं, त्यावर पायाने भार द्यावा, मातीचा गड्डा सुटला की एक गुडघा टेकून बसावं आणि उठताना दांड्याचा आधार घ्यावा. पिनपॉइंटर नावाचं छोटं हातयंत्र गड्ड्यातली नेमकी जागा दाखवतं, त्यामुळे वाकून चाचपडण्याचा वेळ बराच वाचतो. गुडघ्याखाली जाड पॅड हवंच. ओल्या, खडबडीत मातीवर वारंवार टेकल्याने वाटीपुढची पाण्याची पिशवी सुजते आणि आठवडेच्या आठवडे बसणं-उठणं अवघड होतं. समुद्रकिनाऱ्यावर शोधणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. पाच लिटर ओली वाळू भरते दहा किलोंच्या आसपास.

हे सगळं कळूनही माणूस थांबत नाही, कारण पुढचा सूर कशाचा असेल हे सांगता येत नाही. 1992 मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि त्यांना रोमन काळातला ठेवा लागला. त्यात नुसती नाणीच 14,865 होती. हातोडाही सापडला आणि तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लॉज यांनी पुढचं खोदणं थांबवून खबर दिली. म्हणून कुठली वस्तू कशाशेजारी आणि कशी ठेवली होती, हे पुरातत्त्वज्ञांना जागेवरच पाहता आलं. मला यातलं थांबणं सर्वांत मोलाचं वाटतं. थकलेला हात घाईने फावडं मारतो, आणि वस्तूबरोबर तिच्याभोवतीच्या मातीतली माहितीही तुटते. तेव्हा मोबाइलवर पाऊण तासाचा गजर लावा. तो वाजला, की यंत्र खाली ठेवून दहा मिनिटं पाठ, खांदे, मनगटं मोकळी करा, चांगला सूर चालू असला तरीही.

मुलांकडे इंग्लंडला गेलेल्या कुणाला हा छंद लागला, तर मोकळ्या हवेत दिवसभर चालणं घडतं, त्याचं मला कौतुकच आहे. आपल्याकडे मात्र यंत्र घेऊन गडावर जाऊ नये. संरक्षित स्मारकात खणणं हा गुन्हा आहे, आणि 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा भूमिगत ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरलं नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. टेनिस एल्बोला नुसत्या मलमापेक्षा हळूहळू भार वाढवत केलेला व्यायाम जास्त उपयोगी पडतो. मातीत हात घालण्याआधी धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हे पाहा. कंबरदुखीबरोबर पायातला जोर गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.