शायझोफायलम
(लॅ. शायझोफायलम कम्यून, कुल-शायझोफायलेसी). झाडांच्या सालीवर वाढणारे हे गदाकवक अंटार्क्टिकाखेरीज सर्व खंडांत आढळते. इचलकरंजीसह (कोल्हापूर जिल्हा) महाराष्ट्रात ते पावसाळ्यात वाळक्या फांद्यांवर दिसते. फ्रीस यांनी १८१५ मध्ये त्याचे नामकरण केले. बीजुकफळ बिनदेठाचे, पंख्यासारखे, १–४ सेंमी. रुंद, वरून करडे-पांढरे व लवदार असते. खालच्या बाजूच्या पटलिका कडेला उभ्या चिरलेल्या असतात, ही त्याची निश्चित खूण होय. कोरड्या हवेत त्या वळून मिटतात व पाणी मिळताच पुन्हा उघडतात. फांद्यांवरील दगडफुलांना (शैवाकांना) अशा पटलिका नसतात. दगडफूल झाडास अपाय करीत नाही. हे कवक मात्र लाकूड कुजविते व जखमांतून जिवंत फांदीतही शिरते. म्हणून रोगट फांदी निरोगी लाकडापर्यंत छाटतात. मणिपूरमध्ये ते खाद्य म्हणून वापरतात. त्याच्या बीजुकांमुळे माणसांत क्वचित फुप्फुसांचे विकार उद्‌भवतात.