अर्धशिशी आणि झोपेचा बंदोबस्त

रिमेजेपॅन्ट ही जिभेवर विरघळणारी अर्धशिशीची गोळी 2025 मध्ये आपल्या औषधबाजारात दाखल झाली आणि वर्षानुवर्षे अंधाऱ्या खोलीत डोके दाबून पडणाऱ्यांच्या आशा पालवल्या, हे स्वाभाविकच होते. सीजीआरपी या वेदनावाहक द्रव्याची वाट अडवणारी ही औषधे मोलाची आहेत. तथापि, ज्याची झोपच मोडली आहे त्याच्या हाती नवी गोळी ठेवली की वैद्यकाचे कर्तव्य संपले, हे आम्हांस मान्य नाही.

नॉर्थ कॅरोलायनातील डॉ. ॲन कॅलहून यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन लहानसेच, पण विलक्षण आहे. महिन्याचे निम्मे दिवस डोकेदुखीत घालवणाऱ्या 147 स्त्रियांच्या त्यांच्या आधीच्या पाहणीत, सकाळी टवटवीत मनाने उठते असे सांगणारी एकही त्यांना आढळली नव्हती. या संशोधनात अशा 43 स्त्रिया होत्या. त्यांतील काहींना नाममात्र सूचना मिळाल्या. इतरांना मात्र निजण्याची वेळ ठरवून आठ तास अंथरुणास देणे, तेथे दूरचित्रवाणी, वाचन व संगीत वर्ज्य करणे, निजण्यापूर्वी चार तास जेवण उरकणे, शेवटचे दोन तास पाणी बेताने पिणे आणि दुपारची डुलकी सोडणे, असा शिस्तीचा हुकूमच मिळाला. पहिल्या गटातील एकीचाही आजार पहिल्या फेरतपासणीपर्यंत अधूनमधून डोके दुखण्याच्या अवस्थेस परतला नाही. शिस्तीच्या सूचना मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या अखेरपर्यंत परतल्या. रात्री नऊला लोकलमधून उतरून चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीला जेवणाचा हा नियम कसा पाळता यावा, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तो तिच्या घराचा आणि तिच्या कचेरीचाही आहे.

ताणाची वहिवाट याहून गूढ आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. रिचर्ड लिप्टन यांनी 2014 मध्ये रुग्णांच्या रोजनिशींवरून दाखवले की, ताण ओसरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत झटक्याचा संभव सुमारे पाचपट होतो. म्हणून आठवडाभर जागून रविवारी दहापर्यंत निजण्याची मुभा अर्धशिशीच्या रुग्णाने घेऊ नये. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तीच राखावी आणि विसाव्याचा थोडा वाटा रोजच्या दिनक्रमात घालावा.

साधी वेदनाशामके महिन्यात 15 दिवस, किंवा ट्रिप्टान गटातील औषधे 10 दिवस घेण्याचा प्रघात पडल्यास औषधच डोकेदुखीचे कारण होऊन बसते, हे रुग्णास स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि क्षणार्धात शिगेला पोहोचणारी वेदना, पन्नाशीनंतर प्रथमच जडलेली डोकेदुखी, अथवा तिच्यासोबत वाचा अडखळणे वा हातापायांतील बळ जाणे, यांना अर्धशिशी समजून घरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे.