नोटा बाद, पैसा परत

12 जानेवारी 1946 रोजी पाचशे, हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा बाद करणारा वटहुकूम निघाला, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. युद्धाच्या काळात साठेबाजी आणि काळ्या बाजारातून गब्बर झालेल्यांना पकडायचं, हा सरकारचा हेतू. बँकेतल्या मंडळींना मात्र या प्रकरणात फारसा उत्साह नव्हता. सुमारे 144 कोटींच्या मोठ्या नोटा लोकांकडे होत्या. 1947 संपेपर्यंत त्यातल्या जवळपास 135 कोटींच्या नोटा रीतसर बदलून झाल्या. बुडाले ते नऊ कोटी. पुढे 1954 मध्ये मोठ्या नोटा पुन्हा चलनात आल्याच.

जानेवारी 1978 मध्ये मोरारजी देसाई सरकारने हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा बाद केल्या. एकूण चलनात त्यांचा वाटा नगण्य होता. ज्याच्या घरात हजाराची नोट कधी आलीच नाही, त्याला वर्तमानपत्रातली बातमी वाचण्यापलीकडे काही करावं लागलं नाही.

8 नोव्हेंबर 2016 ची गोष्टच वेगळी. त्या रात्री बाद झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटा म्हणजे चलनातल्या एकूण रकमेपैकी तब्बल 86 टक्के. काळा पैसा, बनावट नोटा आणि दहशतवाद्यांना मिळणारी रसद अशी तीन कारणं सांगितली गेली. त्याच संध्याकाळी झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त नंतर माहिती अधिकारात बाहेर आलं. मंडळाने प्रस्तावाला मान्यता दिली, पण काळा पैसा बहुतांशी रोखीत नसून सोन्यात आणि स्थावर मालमत्तेत असतो, अशी नोंदही करून ठेवली. होकार आणि शंका एकाच कागदावर!

खरी अडचण पैसा बुडण्याची नव्हती, तो फिरण्याची होती. दोन हजारांची नवी नोट आकाराने लहान, त्यामुळे देशभरातल्या दोन लाखांहून अधिक एटीएमची जुळणी बदलावी लागली. तीही यंत्रागणिक, माणूस पाठवून. शिवाय दोन हजारांचे सुट्टे द्यायचे कुणी? पाचशेच्या नव्या नोटा पुरेशा आल्याच नव्हत्या.

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव काही दिवस बंद राहिले. ते सुरू झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती रोख रकमेऐवजी चेक पडू लागला. हा चेक भरायचा कुठे, तर बहुतेकांचं खातं जिल्हा बँकेत. आणि 14 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई केलेली. आधीच्या चार-पाच दिवसांत जमा झालेल्या नोटा तिजोरीत अडकल्या, नव्या नोटा हव्या तेवढ्या येईनात. चेक वटला तरी हातात रक्कम मिळेना. ऐन रब्बीच्या पेरणीत बियाणं, खत आणि मजुरी खोळंबली. त्या तिजोऱ्यांतल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी यायला जून 2017 उजाडला.

या खोळंब्याचं मोजमापही झालं आहे. अर्थतज्ज्ञ गीता गोपीनाथ आणि सहकाऱ्यांनी कोणत्या जिल्ह्यात नव्या नोटा किती पोचल्या, याची तिथल्या रात्रीच्या दिव्यांच्या उपग्रह-नोंदींशी आणि रोजगाराशी सांगड घातली. जिथे नोटांची टंचाई जास्त, तिथे व्यवहार जास्त मंदावले. त्या तिमाहीत देशाच्या आर्थिक उलाढालीच्या वाढीचा दर किमान दोन टक्के-बिंदूंनी घसरला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अशाच जिल्ह्यांत मोबाइलवरून पैसे देण्याची सवयही लवकर लागली, हे त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण. डिजिटल व्यवहारांचं श्रेय नोटबंदीला द्यायचं तर तेवढं द्यावं. यूपीआय मात्र एप्रिल 2016 मध्येच सुरू झालेलं होतं.

आणि काळा पैसा? बाद केलेल्या 15.41 लाख कोटींपैकी 15.31 लाख कोटी परत आले, म्हणजे 99.3 टक्के. बँकेत आलेली प्रत्येक नोट पांढरी झाली असं नाही, खात्यांची छाननी करता येतेच. पण तिजोऱ्यांत दडवलेल्या नोटा रद्दी होतील, ही अपेक्षा 1946 पेक्षाही वाईट रीतीने फसली. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने हा निर्णय वैध ठरवला, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांचा आक्षेप होता तो संसदेला वगळून वापरलेल्या मार्गाला. निर्णय कायदेशीर होता का आणि शहाणपणाचा होता का, हे दोन प्रश्न आपल्याकडे हमखास एकमेकांत मिसळतात.

त्याच वर्षी 19 मे रोजी दोन हजारांची नोट मागे घेतली गेली, तेव्हा बाजार फारसा हलला नाही. चलनात तिचा वाटा जेमतेम 11 टक्के होता, छपाई आधीच थांबली होती, बदलायला चार महिन्यांहून जास्त मुदत मिळाली आणि तिचं कायदेशीर चलन म्हणून असलेलं स्थानही काढून घेतलं नाही. उरलेल्या नोटा मुदतीनंतरही रिझर्व्ह बँकेच्या 19 कार्यालयांत देता येतात. महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथे. जाणं जमत नसेल तर पोस्टाने पाठवायचीही सोय आहे.