नैनसुख: गुलेरचा दरबारी चितारी

नैनसुखचा जन्म १७१० च्या सुमारास कांगडा भागातील गुलेर या लहानशा संस्थानात झाला. वडील पंडित सेऊ आणि थोरला भाऊ मानकू दोघेही चित्रकार, त्यामुळे शिक्षण घरातच झाले. मानकू पौराणिक विषयांत आणि ठसठशीत रंगांत रमला. १७३० ची त्याची गीतगोविंद चित्रमाला प्रसिद्ध आहे. नैनसुखने मात्र मुघल चित्रकलेतला बारकावा आत्मसात केला आणि समोरची जिवंत माणसे टिपली.

अशा चित्रासाठी कागदाचे थर खळीने चिकटवून वसली तयार करत आणि ती अकीकाने घोटून गुळगुळीत करत. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, डिंकात खललेले हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी अशी सामग्री असे. नैनसुखचे वेगळेपण हे की तो पुष्कळदा पार्श्वभूमी जवळजवळ कोरी सोडतो आणि सगळा भार रेषेवर टाकतो. तुताऱ्या फुंकणाऱ्या वादकांच्या त्याच्या चित्रात ताणून फुगलेले गाल पाहिले की त्या रेषेची ताकद कळते.

१७४० च्या सुमारास तो जम्मूकडील जसरोटाच्या राजघराण्यातल्या बलवंतसिंहाच्या पदरी आला. भारतीय चित्रकलेत आश्रयदाता आणि कलावंत यांची इतकी जवळीक क्वचितच दिसते. बलवंतसिंह गाणे ऐकतो, शिकारीला जातो, तंबूत बसून पत्र लिहितो, दाढी कातरून घेतो. एरवी दरबारी चित्रांत न येणारे हे खासगी क्षण नैनसुखने भाटगिरी न करता, मायेने रंगवले.

१७६३ मध्ये बलवंतसिंहाचे निधन झाले. त्याच वर्षी नैनसुख हरिद्वारला गेला आणि यात्रेकरूंच्या वंशावळी ठेवणाऱ्या तिथल्या पंड्याच्या वहीत त्याने आपल्या हाताने नोंद केली, सोबत एक रेखाचित्रही काढले. बहुतेक दरबारी चितारी नावाशिवायच विस्मृतीत गेले. नैनसुखचे घराणे उजेडात आले ते कलेतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी तीर्थक्षेत्रांतल्या अशा वह्या धुंडाळल्यामुळे. शैली संस्थानांची नसून घराण्यांची असते, हा विचार त्यांनी १९६८ मध्ये मांडला आणि पहाडी, म्हणजे या डोंगराळ संस्थानांतल्या, चित्रांच्या अभ्यासाची दिशाच बदलली.

पुढे नैनसुख बसोहलीच्या अमृतपालाकडे गेला. १७७८ मध्ये त्याचे निधन झाले. कामा, गौढू, निक्का, रांझा हे त्याचे मुलगे आणि खुशाला, फत्तू हे पुतणे यांच्या पिढीने कांगडा शैलीला बहर आणला.