मागाचा खड्डा

पहाटे ३.१५

नळ आधी फुसफुसला, मग खाकरला, मग त्यातून धार आली. अंथरुणातूनच आई म्हणाली, "आलं." सोलापुरात अपरात्री एवढा एक शब्द पुरतो. काय आलं, असं कुणी विचारत नाही.

आमच्या पूर्व भागात नळाला कधी तीन, कधी चार दिवसांआड पाणी येतं. दोनशे लिटरची चार पिंपं, स्वयंपाकघरातल्या घागरी, न्हाणीतला हंडा एवढं भरलं की एरवी आम्ही दोघी निवांत होतो. या आठवड्यात मात्र घरात आणखी एक पिणारं होतं, ते म्हणजे रस्त्याकडची भिंत. सोमवारी तिला गिलावा झाला आणि तेव्हापासून रोज तीन वेळा तिला पाणी द्यावं लागत होतं. ओल्या गिलाव्यातलं सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी संयोग पावून कडक होतं. पाणी तुटलं की ते अर्धवट राहतं आणि भिंतीवर नखाने ओरखडा काढला तरी वाळू सुटते. त्यासाठी निदान सात दिवस हवेत. आज पाचवा. १७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, वसुबारस.

शाळेला दिवाळीची सुट्टी लागते आणि शहरातली निम्मी घरं एकाच वेळी उकरली जातात. वर्षभर मनात ठेवलेलं काम त्या चार-आठ दिवसांत उरकायचं असतं. मीही तेच केलं होतं. गवंडी मिळायची वेळ तीच, पाहुणे यायची वेळ तीच आणि पाण्याचे दिवस मोजकेच. चौथं पिंप भरेपर्यंत साडेपाच वाजले.

सकाळी ६.३०

भिंतीवर तांब्याने पाणी मारायचं नसतं, गिलावा धुपतो. मी जुन्या साडीचा बोळा बादलीत बुडवून वरून खाली पिळत जाते. पोत्याची पटकुरं भिंतीला टांगली होती, तीही भिजवली. समोरच्या अक्का त्यांच्या दारात रांगोळी घालत होत्या. तेलुगू बायकांची ठिपक्यांची रांगोळी, हात न उचलता एका रेषेत. आमच्या दारात वाळूचा ढीग, मुरमाचा ढीग, विटांचे तुकडे. त्या उठल्या, आमच्या उंबऱ्याजवळची हातभर जागा झाडून घेतली आणि तिथे गायीची पावलं काढून गेल्या.

आईचा उपवास. वसुबारसेला ती गायीचं दूध, दही, तूप घेत नाही, गहूही नाही. तिने चहा कोराच घेतला.

सकाळी ८

गवंडीमामा आले. मोहोळ तालुक्यातलं सीनेकाठचं त्यांचं गाव. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला तेव्हा करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतली गावं पाण्यात गेली. मामांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. मागची मातीची भिंत बसली, धान्याची कणगी वाहून गेली. पंधरा दिवस त्यांनी घरातला गाळ उपसला आणि मग एसटीने रोज सोलापूरला यायला लागले.

त्याच पावसात आमचंही माळवद गळलं होतं. पण गळणं आणि वाहून जाणं यात किती अंतर आहे, हे मला त्यांच्या हातातल्या थापीकडे बघताना दिवसातून चारदा जाणवायचं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "मामा, आधी तुमचं घर बघा, आमचं थांबेल." ते म्हणाले, "ताई, घर बांदायला पैका लागतो, अन् पैका हितं हाय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. फक्त मजुरी आठवड्याची न ठेवता रोज संध्याकाळी द्यायला लागले.

माळवदाचं काम गेल्याच आठवड्यात झालं होतं. मधल्या खोलीतली एक कडी ओलीने कुजली होती. ती काढून लिंबाची नवी घातली, वरची भिजलेली माती खरवडली आणि पांढरी माती पसरून चोपली. ही माती शेतातली नाही, जुन्या गावठाणाची. शेताला काळी म्हणायचं आणि वस्तीच्या जागेला पांढरी, हे आपल्याकडचं जुनं बोलणं याच मातीवरून आलं. ती पावसाला आत घेत नाही आणि उन्हाला खाली येऊ देत नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो तेव्हा स्लॅबच्या घरातली माणसं आमच्या मधल्या खोलीत येऊन बसतात. म्हणून ते माळवद मी पाडू दिलं नाही, भाऊ कितीही म्हणाला तरी.

सकाळी ९ ते दुपारी १

आतल्या भिंतींचा दिवस. रस्त्याकडची भिंत विटेची, वडिलांनी नंतर बांधलेली. आतल्या तिन्ही आजोबांच्या, दगड-मातीच्या, दीड हात जाड. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळीत आम्ही त्यांना घाईघाईने पुट्टी आणि वर चकचकीत प्लॅस्टिक पेंट लावून घेतला होता. लक्ष्मीपूजनाला घर आरशासारखं दिसलं. पुढच्या पावसाळ्यात त्याला फोड आले आणि खपल्या पडल्या. आत पांढरा खार फुलला होता.

मामांनी या वेळी आल्याआल्या भिंतीवर तळहात टेकला. "ताई, ह्या भित्ताडाला वल खालनं येती. तिला भाईर पडायला वाट पायजे. तुमी वरनं कागद चिकटवला, ती कुटनं जाणार?" मी वर्गात इतकी वर्षं विज्ञान शिकवते, पण एवढं सरळ उत्तर मला सुचलं नव्हतं. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं आणि सोबत क्षार आणतं. पृष्ठभाग मोकळा असेल तर पाणी हवेत जातं आणि क्षार झाडता येतात. पृष्ठभाग बंद असेल तर क्षार आतच साचतात आणि रंगाला ढकलतात.

म्हणून चुना. काल संध्याकाळी परसात लोखंडी पिंपात कळीचा चुना विरवला होता. पाण्यात पडताच खडे तडकायला लागले, पाणी खळखळ उकळलं, वाफेचा लोट निघाला. प्लॅस्टिकचं भांडं असतं तर वितळलं असतं. रात्रभर तो निवला. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, त्यात भिजवलेल्या डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. डिंकाने चुना हाताला लागत नाही, निळीने पिवळेपणा जातो. मामांनी हाताला खोबरेल चोळलं, मला डोळ्यांवर चष्मा घालायला लावला आणि कुंचला दिला. पहिला हात उभा, दुसरा आडवा.

चुन्याची एक गोष्ट मला फार आवडते. ओला असताना तो काहीच दाखवत नाही. भिंत नुसती भिजल्यासारखी, खालचे डाग तसेच. नवखं माणूस घाबरून वर आणखी थापत जातं, आणि मग तो जाड थर सोलतो. पातळ देऊन थांबावं लागतं. अर्ध्या-पाऊण तासाने पाणी उडतं आणि भिंत आतून उजाडल्यासारखी पांढरी होत जाते, आधी कडेने, मग मध्ये. पुढचे कित्येक दिवस तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहतो आणि पुन्हा चुनखडीच होतो, ज्या दगडापासून निघाला तोच. साडेबाराला देवघराच्या कोनाड्याची भिंत वाळून पांढरी झाली तेव्हा आई काठी टेकत आली आणि बराच वेळ उभी राहिली. हा रंग तिने सासरी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हाचा.

दुपारी १

मामांच्या डब्यात कडक भाकरी आणि ठेचा. आमच्याकडून शेंगाची चटणी. आईने संध्याकाळसाठी गवार निवडायला घेतली.

दुपारी २

आता खड्डा. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या भिंतीपासून दोन हातांवर, शहाबादी फरशीखाली साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट खोल असा एक खड्डा आहे. आजोबांच्या हातमागाचा. विणकर जमिनीशी बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा आणि खालच्या पावड्या दाबायचा. वर हातात धोटा. त्या मागावर आजोबांनी लुगडी विणली आणि आजीने शेजारी बसून कांड्या भरल्या. सोलापूरच्या कोरड्या हवेत सूत वाळून तुटतं. जमिनीतली ओल खड्ड्यातून वर यायची आणि ताण्याला लागायची. आमच्या भिंती खाणारी ओल हीच. एकेकाळी तिच्यावर घर चाललं होतं.

पेठेत यंत्रमाग आले, वडील चादरीच्या कारखान्यात लागले, माग विकला गेला आणि खड्ड्यावर फरशी बसली. यंदा पावसात ती फरशी खचली. भावाचं पुण्याहून रोज एकच म्हणणं: "ताई, खड्डा मुरूम घालून बुजव आणि सगळीकडे टाइल्स टाकून मोकळी हो." मुरूम तर येऊनही पडला होता. शहाबादी फरशी मी ठेवायची ठरवली होती. गुलबर्ग्याकडच्या शहाबादच्या खाणीतला हा दगड इथल्या घराघरांत आहे. झिजला की तो आणखी गुळगुळीत होतो आणि त्याच्या सांध्यांतून जमिनीला श्वास घेता येतो. पण खड्ड्याबद्दल माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसती आठवण म्हणून घरात खड्डा ठेवता येत नाही. आई पडली तर?

मामा पहिलं घमेलं उचलायला वाकले तेव्हा आई म्हणाली, "पाण्याला होईल का तो?"

आम्ही दोघंही थांबलो. मग मामा खड्ड्यात उतरले. कडा ठोकून बघितल्या, तळाची माती बोटांत चोळली, भिंतीपर्यंतचं अंतर वितीने मोजलं. आमच्या माळवदावर टाकी ठेवता येत नाही. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, त्या कड्यांना ते पेलणार नाही. म्हणून तर पिंपं. मी कागदावर गुणाकार केला, सव्वीस घनफूट, म्हणजे जवळजवळ साडेसातशे लिटर. मामांनी मान हलवली. चारी बाजूंनी विटेचं अस्तर द्यावं लागेल, तळाला काँक्रीट, वर पाणी न झिरपणारा गिलावा दोन हात आणि सिमेंटची घोटाई. नाहीतर हौदातलं पाणीच भिंतीत चढेल. हे सगळं आत गेलं की चारशे लिटर उरतं.

"दोन पिंपं," आई म्हणाली.

"व्हय, दोन. पर दिवाळीच्या आत न्हाई करायचं. घाईत केलं तर गळंल. आधी वाळू द्यायचं, मग अस्तर, मग धा दिवस पाणी भरून ठेवायचं."

म्हणजे मंगळवारी लक्ष्मीपूजन उघड्या खड्ड्याशेजारी होणार. बाहेरची भिंत सिमेंटच्या रंगाचीच राहणार, कारण गिलाव्याचे दिवस भरले तरी ती वाळायला आणखी वेळ लागतो. पाहुणे येतील, विचारतील. मी थोडा वेळ रस्त्याकडच्या त्या करड्या भिंतीकडे बघत उभी राहिले आणि मग हो म्हटलं. ओल्या भिंतीवर सणाचा रंग चढवायची चूक या घरात एकदा झाली होती, तेवढी पुरे.

दुपारी ४

घरातली एक जुनी फळी खड्ड्यावर आडवी टाकून वर विटा ठेवल्या. मी पणत्या घेतल्या आणि हौदासाठी सिमेंटचा भाव बघून आले. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला आहे, पोत्यामागे तेवढा हात सैल झाला. नवी पेठ माणसांनी फुलली होती.

संध्याकाळी ६

गल्लीच्या तोंडाशी गाय-वासरू आलं. बायका ताटं घेऊन गेल्या. आईला चालवत नेलं, तिने गायीच्या पायांवर पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं. परत आलो तेव्हा मामा हत्यारं धुऊन पिशवीत भरत होते. रंधा, थापी, ओळंबा. ओळंब्याची दोरी ते रोज स्वतंत्र गुंडाळतात.

मी मजुरी दिली आणि म्हटलं, "मामा, हा मुरूम आता आम्हाला नको. तुमच्या अंगणात चालेल?"

गाळ काढल्यापासून त्यांच्या अंगणात चिखलच आहे, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं. ते ढिगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गावातला टेम्पो उद्या कांदा घिऊन येतोय. रिकामाच जातोय माघारी." त्या टेम्पोत मुरूम जाईल, कुजलेल्या कडीचा चांगला राहिलेला अर्धा भाग जाईल, आणि उरलेला कळीचा चुना, तो मात्र कोरड्या डब्यात घट्ट झाकून. चार दिवस ते येणार नव्हते. मागची भिंत उभी करायची होती.

जाताना त्यांनी बाहेरच्या गिलाव्याला हात लावला. "राती एक डाव पाणी मारा."

रात्री १०.३०

भाऊ हुतात्मा एक्स्प्रेसने आला. बॅग उंबऱ्यावर ठेवून आधी टाइल्सचे खोके शोधले, मग चुन्याच्या भिंतीवर बोट फिरवून बघितलं. बोटाला काही लागलं नाही. आईने त्याला बाजरीची भाकरी आणि गवार वाढली. जेवता जेवता तिने हौदाचं सांगितलं. त्याने मोबाइलचा उजेड लावून फळी बाजूला केली आणि खाली वाकून बघितलं. वाद घालेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "झाकणाला शहाबादीच कापून घेऊ. कडी लावू दोन बाजूंना."

मी बादली आणि साडीचा बोळा घेतला, तो उजेड धरून आला. सकाळी भरलेलं एक पिंप निम्म्यावर आलं होतं आणि पुढचं पाणी यायला तीन दिवस होते. वरून खाली पिळत गेले. पाणी टेकताच गिलावा बारीक सुस्कारत होता आणि ओला डाग लगेच फिका पडत होता.

"अजून पितेय की," भाऊ म्हणाला, आणि बादली पुन्हा भरायला आत गेला.