खालच्या जबड्याच्या अस्थिभंगातील प्लेट-स्थिरीकरण

मोडलेल्या खालच्या जबड्याचे तुकडे धातूच्या प्लेट व स्क्रूंनी जागेवर जखडण्याच्या शस्त्रक्रियेस प्लेट-स्थिरीकरण म्हणतात. या प्लेट आज बहुधा टायटॅनियमच्या असतात. हाड सांधणे एवढाच या उपचाराचा हेतू नसतो. वरचे व खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसणे ही त्याची खरी कसोटी होय. म्हणून शस्त्रक्रियेत आधी दोन्ही जबडे तात्पुरते बांधून दातांचा मेळ साधतात आणि मगच प्लेट बसवतात.

पार्श्वभूमी

प्लेट रूढ होण्यापूर्वी वरखालचे दात तारांनी एकत्र बांधून तोंड साधारण ४ ते ६ आठवडे बंद ठेवीत. साध्या अस्थिभंगात ही पद्धत आजही वापरली जाते. मात्र तिच्यात रुग्णाला पातळ आहारावर राहावे लागते, वजन घटते आणि उलटी झाल्यास श्वास कोंडू नये म्हणून तार कापण्याची पक्कड हाताशी ठेवावी लागते. मंडणगड तालुक्यातील रुग्णाला, तारा सैल झाल्या म्हणून, सावित्री ओलांडून मुंबईचा प्रवास पुन्हा करावा लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

पद्धतींची तुलना

१९६८ मध्ये जर्मन शल्यविशारद लूर यांनी जबड्यासाठी दाब देणारी प्लेट मांडली. स्क्रू आवळताच तिच्या लंबगोल छिद्रांमुळे हाडाची टोके एकमेकांवर दाबली जातात. ही प्लेट जाड असते, हाडाच्या खालच्या कडेवर बसते आणि तिचे स्क्रू हाडाच्या दोन्ही थरांतून आरपार जातात. त्यासाठी अनेकदा बाहेरून त्वचा छेदावी लागते. तेव्हा व्रण राहतो आणि खालचा ओठ हलवणाऱ्या चेताशाखेस इजा होऊ शकते. तिरकस किंवा चुरा झालेल्या अस्थिभंगात दाब दिल्यास तुकडे उलट सरकतात.

१९७० च्या दशकात फ्रान्समधील मिशले व नंतर शाँपी यांनी वेगळा विचार केला. चावताना जबड्याच्या वरच्या कडेवर ताण आणि खालच्या कडेवर दाब येतो. तेव्हा ताणाच्या रेषेवर लहान प्लेट बसवली, तर दाबाचे काम हाड स्वतःच करते. या मिनीप्लेटचे सुमारे २ मिलिमीटर जाडीचे स्क्रू हाडाच्या बाहेरच्या थरातच बसतात, त्यामुळे दातांची मुळे व आतली चेता वाचवता येते. छेद तोंडाच्या आतून घेतात. जबड्याच्या कोनापाशी एक प्लेट पुरते. हनुवटीपाशी पीळही पडत असल्याने दोन लागतात. कोनापाशी दोन प्लेट अधिक भक्कम ठरतील असे सहज वाटते. पण अमेरिकेतील एडवर्ड एलिस यांच्या रुग्णमालिकांत एकाच मिनीप्लेटने गुंतागुंत कमी आढळली.

लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूचे डोके प्लेटच्या आट्यांत अडकते. त्यामुळे प्लेट हाडाच्या वळणाशी तंतोतंत जुळली नाही तरी तुकडे ओढले जात नाहीत. हाडाचा चुरा झाला असेल किंवा काही भागच गमावला असेल, तर भार वाटून घ्यायला हाड उरत नाही. तेथे मिनीप्लेट अपुरी पडते आणि सगळा भार पेलणारी जाड पुनर्रचना-प्लेटच लागते.

लहान मुलांत न उगवलेले दात हाडातच असल्याने स्क्रूची जागा फार जपून निवडतात. प्रौढांत जंतुसंसर्ग झाला किंवा स्क्रू सैल झाला तरच प्लेट काढतात, एरवी ती कायम ठेवतात.